झाकण उघडलं ते तम्मानं

नागेश मिराशी कुणाच्याही घरी गेला, की पुढ्यात ठेवलेल्या तांब्याला आधी नखानं टिचकी मारायचा. कान तिरका करून आवाज ऐकायचा, "गळ्यापातूर न्हाई, चार बोटं कमी" असं स्वतःशीच पुटपुटायचा, आणि मग पाणी प्यायचा. पापडाला टिचकी, फणसाला टिचकी, शाळेच्या घंटेला टिचकी. फणसाचं एक वेळ समजू शकतं, पण एकदा त्यानं आमच्या हेडमास्तरांच्या नव्या लाकडी कपाटाला टिचकी मारून "आतनं पोखरलंय" असा निकाल दिला. त्यानंतर हेडमास्तर बरेच दिवस माझ्याशी तुटक बोलत होते, कारण त्याला शाळा दाखवायला मीच घेऊन गेलो होतो. पुढच्या पावसाळ्यात कपाटातून भुसा पडायला लागला, तेव्हा तर त्यांनी बोलणंच बंद केलं.

मी कॅसलरॉकच्या शाळेत विज्ञान शिकवायला आलो तेव्हा नागेश गावात राहत नव्हता. आईबाप लहानपणीच गेले आणि थोरल्या बहिणीनं त्याला सासरी आणून वाढवलं, एवढं मला आल्या आल्या कळलं होतं. ही बहीण म्हणजे आक्का. सगळं गाव तिला आक्काच म्हणायचं. तिचा नवरा रेल्वेत गँगमन होता, मोजकं बोलणारा आणि बायकोच्या धाकात सुखानं राहणारा. धाकट्या भावाला आक्का तिकडच्या कानडी रीतीनं "तम्मा" म्हणायची. हा तम्मा शिकून बेंगळूरला एका मोठ्या प्रयोगशाळेत लागला होता आणि गणपतीला, दसऱ्याला गावी यायचा. माझी खोली त्यांच्या समोरच होती. त्यामुळे मला ठाऊक असलेला नागेश हा सुट्टीतला नागेश, आणि नंतर त्या एका वर्षीचा.

माणूस अतिशय गोड. पण एक खोड अशी, की समोर उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणणं त्याला जमत नसे. लोंढ्याच्या बाजारात छत्रीवाला मागे लागला म्हणून घरात दोन छत्र्या असताना तिसरी घेऊन आला. एकदा रेल्वेच्या पोरांनी आणि गावच्या पोरांनी त्याला व्हॉलीबॉलचा पंच म्हणून उभं केलं. चेंडू रेषेवर पडला. रेल्वेवाले ओरडत आले, त्यानं त्यांना पॉइंट दिला. गाववाले ओरडत आले, त्यांनाही दिला. शेवटी दोन्ही बाजू जिंकल्या आणि दोन्ही बाजूंनी त्याला शिव्या घातल्या. तो मात्र कानाच्या पाळ्या लाल करून हसत उभा होता. लाज वाटली की त्याच्या कानांवर दिसायची, आणि ती त्याला फार लवकर वाटायची.

दुसरी खोड स्वच्छतेची. कुठलीही वस्तू हातात घेण्याआधी तो कोपरापर्यंत हात धुवायचा आणि जुन्या बनियनच्या मऊ फडक्यानं पुसायचा. बायका त्याला सोवळ्यातला भटजी म्हणून चिडवायच्या. "वर काय बसलंय ते आदी बघायचं, मग आतलं," हे त्याचं नेहमीचं म्हणणं. चष्म्यापासून केळीच्या पानापर्यंत तो ते सगळ्याला लावायचा. हे कुठून आलं ते मला त्याचं काम समजल्यावर कळलं.

ते काम त्यानं मला आक्काच्या चुलीपाशी बसून समजावलं. दूध तापून उतरवलेलं, वर जाड साय आलेली. "गुरुजी, ह्या कढईला धक्का मारला तर सगळं दूध हलतंय. आमाला तसं नको. नुस्ती साय हलली पायजे. बघा." त्यानं कडेला बारीक फुंकर घातली. सायीवरून एक थरथर निघाली आणि समोरच्या काठाला पोचली. मग त्यानं वेलदोड्याचं एक साल सायीवर ठेवलं आणि पुन्हा फुंकर घातली. थरथर सालापाशी आली आणि रेंगाळली. "आमचा स्फटिक म्हंजे ही साय. वर काय बी बसलं, की थरथर मंद हुती. किती मंद झाली त्येच्यावरनं काय बसलंय, किती बसलंय, सगळं कळतंय."

"कळलं," आक्का म्हणाली. "आता हे फुकलेलं दूध कोन पिनार? तुजा साहेब?"

खरा स्फटिक नखाएवढा होता. त्याच्या दोन टोकांना केसाहून बारीक दातांच्या धातूच्या फण्या बसवलेल्या. एका फणीत वीज सोडली की स्फटिकाच्या फक्त पाठीवरून लहर धावायची आणि दुसरी फणी ती पकडायची. अशा दोन पट्ट्या शेजारी शेजारी. एकीवर साखर तेवढी ओळखून धरून ठेवणाऱ्या द्रव्याचा पातळ थर, दुसरी कोरी. ऊन, दमट हवा, रक्तातल्या बाकी गोष्टी, यांचा जो परिणाम व्हायचा तो दोघींवर सारखाच होणार. म्हणून पहिलीच्या आकड्यातून दुसरीचा आकडा वजा करायचा, उरेल ती साखर. कोरीला तो साक्षीदार म्हणायचा. सुरुवातीला रक्ताचा थेंब पडला की सगळी लहर थेंबातच विरून जायची. मग त्यांनी स्फटिक वेगळ्या अंगानं कापला आणि वरखाली न उसळता आडवी सरकणारी लहर काढली. हे सांगताना त्याचा चेहरा असा व्हायचा, की आपल्याला निम्मं कळलं नाही तरी आनंद व्हायचा.

हे सगळं तो बेंगळूरच्या कुणा श्रीमंतासाठी करत नव्हता. आक्कासाठी करत होता. आक्काला साखरेचा आजार होता आणि तिला त्याची भयंकर लाज वाटायची. पंचक्रोशीतल्या लग्नांत गोडाचा स्वयंपाक तिच्या हातचा असायचा. हरभऱ्याच्या डाळीचं मणगणं ढवळताना ती चव घ्यायची म्हणजे वाटीभर घ्यायची. अशा बाईनं गोड खायचं नाही, हे तिला स्वतःच्या कर्तबगारीवर बोट ठेवल्यासारखं वाटत होतं. त्यात रामनगरच्या दवाखान्यात तपासायला लघवीची बाटली न्यावी लागायची, आणि तिथला कंपाउंडर नेमका तिच्या सुनेचा मामा. व्याह्यांच्या माणसाच्या हातात ती बाटली द्यायची? पहिल्यांदा तिनं ती पिशवीत पालेभाजीखाली लपवून नेली आणि तशीच परत आणून ओतून टाकली. दुसऱ्यांदा दिली, आणि साखर अजिबात निघाली नाही. घरात आनंदीआनंद. पुढं सून माहेरी गेल्यावर बोलून गेली, की ती बाटली सासूची नव्हतीच, तिची होती.

गाव पोट धरून हसलं. नागेश हसला नाही. "एक थेंब बोटातला," तो मला म्हणाला. "घरच्या घरी. कुनाला दावायचं न्हाई, कुनाला सांगायचं न्हाई. आक्काला येवडं करून द्यायचंय मला, गुरुजी."

आणि खरंच, नव्वदनंतरच्या एका वर्षी, गणपती उठल्यावर तो यंत्र घेऊन आला. वरच्या अंगाला चार मळसूत्रांनी बसवलेलं झाकण असलेली एक पेटी आणि तिला जोडलेला आकडे दाखवणारा डबा. प्रयोगशाळेतल्या थंड, कोरड्या खोलीत यंत्र चालत होतं. आता घाटावरच्या दमट हवेत, खऱ्या माणसाच्या रक्तावर चालतं का, ते पाहायला साहेबांनी त्याला काही महिने गावी पाठवलं होतं. अट एकच. झाकणाला नागेशखेरीज कुणाचा हात लागता कामा नये. यंत्र बिघडलं तर ते काम त्याच्याकडून जाणार होतं, आणि काम गेलं की त्याची तिथली जागाही जाणार होती.

पहिले काही दिवस तो जेवायचंही विसरला. सकाळी आक्काचं बोट टोचायचं, थेंब पातळ करून सोडायचा, आकडा बघायचा. आठवड्यातून एकदा तिला बेळगावला नेऊन तिथल्या रक्ततपासणीशी ताडायचा. दोन्ही जुळत होते. साखर धरणारा थर दोन-तीन दिवसांत थकायचा, तो पुसून नवा लावायचा. साक्षीदाराला तर हात लावावाच लागत नसे. "कोरी ती कोरीच," तो कौतुकानं म्हणायचा. आक्का बोट पुढं करताना तोंड फिरवायची, पण बाटलीपेक्षा हे तिला शंभर वेळा बरं वाटत होतं. फराळाच्या ताटावरचा तिचा हात मागे राहायला लागला होता.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे कोयत्यापासून नांगरापर्यंत सगळी हत्यारं पुजतात. स्टेशनात सिग्नलच्या दांड्यांनाही हार घातले होते. आक्कानं नवऱ्याचे हातोडे, पहार, स्वतःची विळी, झारे असं सगळं पाटावर मांडलं, आणि शेवटी यंत्रापाशी आली. हातात धुपाटणं. त्यात रानातून आणलेली राळ फुलवलेली, आणि घरभर तो गोड, घट्ट वास.

"तम्मा, ह्येचं झाकान काड."

"आक्का, वरनंच कर की पूजा. आत काय लागायला नको."

"झाकान काम करतंय व्हय रं? काम करनारं आत हाय न्हवं? तुज्या भावजींचा हातोडा मी पिशवीत घालून पुजला काय?"

नागेशनं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"हळदकुकू नको, आक्का. फूल बी नको."

"बरं. हातच लावत न्हाई मी. नुस्ता धूप दावते. धुराला काय हात हायत?" आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "का बेंगळूरला ऱ्हाऊन आमची पूजा आता चालंना झालीया?"

झालं. नागेशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं खिशातून छोटा पेचकस काढला, चारी मळसूत्रं सोडवून बशीत ठेवली आणि झाकण उचललं. आक्कानं धुपाटणं ओवाळलं. पांढरा धूर पेटीत उतरला आणि सावकाश वर आला. "माज्या तम्माचं नाव ऱ्हाऊ दे, आनि ह्येचा गुन सगळ्यांस्नी येऊ दे," असं ती मोठ्यानं म्हणाली. नागेश हात जोडून उभा होता. मग त्यानं झाकण बसवलं आणि फडक्यानं ते बाहेरून पुसलं. बाहेरून.

दसरा झाला आणि आक्काचा आकडा उतरायला लागला. आठवडाभरात तो एखाद्या धडधाकट माणसाचा असावा इतका खाली आला. नागेशला शंका यायला हवी होती, हे आज कुणीही म्हणेल. पण ज्या गोष्टीसाठी माणूस वर्षानुवर्षं झुरला ती हाती आल्यावर तो शंका घेत बसत नाही. बेळगावची फेरी त्यानं बंद केली. "कशाला तिला दगदग? हितं कळतंय की," म्हणाला. स्टेशनवरच्या चहाच्या टपरीवर आक्काचा आकडा हा बोलण्याचा विषय झाला. नागेशनं तिची साखरेवरची गोळी अर्धी केली आणि मग अर्धीचीही गरज नाही म्हणून बंद केली. साखर उतरली ती आपल्या पूजेनं, असं आक्का म्हणायची, आणि नागेश तिला दुजोरा द्यायचा.

कार्तिकात गणेशगुडीला एका लग्नात आक्का गोडाच्या चुलीवर होती. चुलाणातला निखारा उडून तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्याजवळ पडला. शेजारची बाई किंचाळली. आक्कानं खाली बघितलं आणि झाऱ्यानं निखारा उडवून दिला. तिला काही जाणवलंच नव्हतं. बायकांनी तिच्या सोसण्याचं कौतुक केलं आणि ती पण खुशीत आली. फोड आला, फुटला, भरेना. तिनं लुगड्याचा काठ पायावर ओढून घेतला. आकडा चांगला होता, मग पाय कशाला दाखवायचा? शेवटी वास यायला लागला तेव्हा सुनेनं सासऱ्यांना, म्हणजे नागेशच्या भावजींना, सांगितलं. जीपनं रामनगरला, तिथून बेळगावला. तिथल्या तपासणीत साखर इतकी निघाली, की डॉक्टरांना खरी वाटेना. त्यांनी पुन्हा रक्त काढलं. गुडघ्याच्या खाली पाय काढावा लागला.

आक्का इस्पितळात असताना नागेश एक दिवस शाळेत माझ्याकडे आला. स्फटिक त्यानं काढून आणला होता. आमच्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला बघायला सांगितलं. साखरेची पट्टी लख्ख होती, कारण तिचा थर तो पुसून बदलत आला होता. कोऱ्या पट्टीवर मात्र मधाच्या रंगाचा एक पापुद्रा बसला होता. राळेचा. चिकट राळेवर रक्तातलं काहीबाही येऊन बसत होतं, त्यामुळे तिचाही आकडा साखरेच्या पट्टीसारखाच बदलत होता. एकातून दुसरा वजा केल्यावर उरणार काय?

"झाकान मी उगडलं, गुरुजी," तो म्हणाला. "ती म्हनली, पन मी उगडलं. पेचकस माज्या हातात हुता." एवढं बोलून तो बाकावर बसला. मी त्याला पाणी आणून दिलं. त्यानं तांब्याला टिचकी मारली नाही. त्यानंतर मी त्याला कशालाच टिचकी मारताना पाहिलं नाही.

आक्का घरी आल्यावर थोड्याच दिवसांत साहेब आले. मोठा माणूस, पण साधा. कानडीत बोलत होते. आक्का आत स्वयंपाकघराच्या दाराशी खाटेवर, काखेत घ्यायची कुबडी भिंतीला टेकवलेली. बाहेर साहेब, नागेश, भावजी आणि मी. तुम्ही बसा म्हणून नागेशनंच मला बोलावलं होतं. साहेबांनी स्फटिक भिंगाखाली बघितला, बराच वेळ बघितला, आणि हळू आवाजात विचारलं, "झाकण कुणी उघडलं?"

मला वाटलं, आता सांगेल. ओठ हललेही त्याचे. पण समोर साहेब होते.

"मनेयल्लि हेंगसरु धूप हाकिद्दारे, सर," तो म्हणाला. घरात बायकांनी धूप घातलाय, सर.

या वाक्यात खोटं असं काही नव्हतं. म्हणूनच ते ऐकताना माझी मान खाली गेली. भावजींनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि ते उठून अंगणात गेले. ज्या घरात हा वाढला त्या घरात कानडी न कळणारं कुणी नव्हतं, आणि आत खाटेवर बसलेल्या आक्काला तर माझ्यापेक्षा चांगलं कळायचं.

"तू कुठं होतास तेव्हा?" साहेबांनी विचारलं.

आत कुबडीचा आवाज झाला. आक्का दारात येऊन चौकट धरून उभी राहिली. नव्यानं उभं राहायला शिकत होती, सगळं अंग थरथरत होतं. ती कानडीत म्हणाली, "तो अंघोळीला गेला होता, साहेब. मी उघडलं. तो नको नको म्हणून सांगून गेला होता, मी ऐकलं नाही. विळीच्या टोकानं ती चार मळसूत्रं काढली आणि पुन्हा बसवली. मी अडाणी बाई. त्याला काही म्हणू नका."

साहेबांची नजर लुगड्याच्या काठाखालच्या एकाच पावलाकडे गेली आणि ते गडबडून उभेच राहिले. उलट तेच तिची माफी मागायला लागले. अम्मा, तुम्ही बसा, तुमचा दोष नाही, म्हणाले. मग नागेशकडे वळून म्हणाले, की यंत्राची चूक नाही आणि तुझीही नाही. पुढच्या महिन्यात रुजू हो, कोऱ्या पट्टीला आच्छादन कसं द्यायचं ते बघू. सगळं दोन मिनिटांत मिटलं. सुनेनं कॉफी आणली.

"सर," नागेश म्हणाला.

साहेबांनी वर बघितलं. मीही बघितलं. आक्का दारातच होती.

"साखर किती घालू?" त्यानं विचारलं.

माणसाला दुसऱ्याची लाज वाटते ती कशी असते, ते मला त्या दिवशी कळलं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं आणि त्याच्या मुस्काटात मारावीशीही वाटत होती. त्यानं साहेबांच्या कपात साखर ढवळली आणि कप त्यांच्या हातात दिला. हात स्वच्छ धुतलेले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याला गाठून म्हणालो, "नागेश, सांगून टाक." तो म्हणाला, "सांगतो, गुरुजी. आक्काच्या देखत न्हाई जमलं. बेंगळूरला गेल्यावर सांगतो." आक्काला हे कळलं आणि तिनं मलाच बोलावून घेतलं.

"गुरुजी, तुमी मदी पडू नका. माजा पाय गेला. आता त्येची नोकरी बी घालवू व्हय? येका घरातलं किती जायचं?"

"पण तुम्हाला लागलं नाही का आक्का, तो जे बोलला ते?"

"लागलं," ती म्हणाली. "बायका म्हनला. आक्कानं धूप दावला म्हनला असता तर येक डाव चाललं असतं. बायका म्हनला मला."

जायच्या दिवसापर्यंत नागेश तिची सगळी सेवा करत होता. पाणी तापवून द्यायचा, जखमेची पट्टी बदलायचा, उचलून उन्हात नेऊन बसवायचा. पण तिच्या तोंडाकडे बघत नसे. ताट तिच्यापुढं ठेवताना नजर ताटाकडे, अंथरूण घालताना अंथरुणाकडे. ती बोलायची, चिडवायची, जुन्या गोष्टी काढायची. तो "व्हय, आक्का" एवढंच म्हणायचा. गावानं तर आक्काची अक्कल काढायला सुरुवात केली होती. बाईनं धूप घालून पोराचं यंत्र नासवलं, असं टपरीवर लोक बोलायचे आणि तो तिथून मान खाली घालून जायचा. एकदाही थांबून "तसं न्हाई" म्हणाला नाही.

त्यानं पुढं साहेबांना सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. पुढची सुट्टी यायच्या आत माझी बदली झाली आणि त्या घराशी संबंध तुटला. आता औषधाच्या दुकानात एका थेंबावर साखर सांगणारी यंत्रं मिळतात. त्यांची पद्धत वेगळी आहे, त्यांत लहरी नाहीत की स्फटिक नाही. माझ्या घरातही एक आहे. बोट टोचताना मला आक्का तोंड फिरवायची ते आठवतं, आणि नागेशचा राग येतो. मग थोड्या वेळानं जातो, कारण त्या खोलीत मीही कानडी समजणारा आणखी एक माणूस होतो.

मला तो शेवटचा दिसला तो कॅसलरॉकच्या फलाटावर. लोंढ्याला जाणारी गाडी लागली होती. आक्का घरी राहायला तयार नव्हती, म्हणून गँगमननी तिला खुर्चीत बसवून आणलं होतं. निघायची वेळ झाल्यावर ती हट्टानं कुबडी घेऊन उभी राहिली. यंत्राची पेटी नागेशनं आत ठेवली, भावजींच्या पाया पडला, आणि मग आक्काच्या पुढं आला. खाली बघतच आला होता, तसाच वाकला. सवयीनं दोन्ही हात दोन पायांकडे गेले. डावा हात पायावर पडला. उजवा सरळ फलाटाच्या फरशीवर.

तो तिथंच राहिला. हात फरशीवर तसाच टेकलेला. गार्ड हिरवं निशाण घेऊन आमच्याकडे बघत होता.

"येकच हाय, तम्मा," आक्का म्हणाली. "तेवड्याच्याच पाया पड आनि ऊठ. गाडी ऱ्हानार न्हाई."

तो उठला नाही. "झाकान मी उगडलं, आक्का," तो फरशीकडे बघत म्हणाला.

"मला कशाला सांगतूस?" आक्का म्हणाली. "मी हुतेच की तितं."

नागेश उठला, हात न झटकता गाडीत चढला, आणि गाडी हलली तरी दाराशी आला नाही.